‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१९४६) : जो गार्जरी हा लोहार लंडनला येतो तो प्रसंग

सांजवात :

डेव्हिड लीनचा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ हा सिनेमा या रविवारी तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या दोन वेळा माझ्या डोळ्यांत भरलं ते सगळ्यांच्याच भरतं. ओसाड दलदल, दफनभूमी, बेड्या घातलेला कैदी, बंद घरातली ती म्हातारी नवरी, कोळ्यांच्या जाळ्यांत हरवलेला लग्नाचा केक. या वेळी मात्र मी अडकले ती बऱ्याच पुढच्या एका साध्या प्रसंगात. खेड्यातला लोहार आपल्या घरात वाढलेल्या पोराला भेटायला लंडनला येतो आणि त्या पोराला त्याची लाज वाटते. एवढंच घडतं. रविवारपासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्ल्स डिकन्सची कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी त्याच्याच साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली. पिप हा अनाथ मुलगा. मोठी बहीण त्याला मारून-झोडून वाढवते, तिचा नवरा जो गार्जरी त्याच्यावर जीव लावतो. पिप घाबरत घाबरत एका पळालेल्या कैद्याला खायला आणि बेडी कापायला कानस नेऊन देतो. मग गावातल्या श्रीमंत मिस हॅविशमकडे त्याला खेळायला बोलावतात, तिथे एस्टेला भेटते. काही वर्षांनी अचानक कुणीतरी नाव न सांगता त्याच्या नावे पैसा ठेवतं आणि पिप ‘जंटलमन’ व्हायला लंडनला जातो. पैसा कुणाचा, हे त्याला वाटतं तसं नसतं. पुढचं सांगत नाही, पण खाली प्रतिसादांत रहस्य फुटणारच, तेव्हा जपून.

आधी अंधाराबद्दल. हा सिनेमा रंगीत असता तर मला नको होता. मिस हॅविशमच्या घरात एस्टेला मेणबत्ती घेऊन पुढे चालते, पिप मागून. जिना, बोळ, पुन्हा जिना. उजेड सगळा तिच्या हातात. मग एका दाराशी ती त्याला सोडते आणि मेणबत्ती घेऊन निघून जाते. काळोखात ते पोर दारावर टकटक करतं. एस्टेला झालेली जीन सिमन्स तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. मान अशी ताठ, नजर अशी वरून, की पिपबरोबर आपणही लहान होत जातो.

त्या खोलीत सगळी घड्याळं नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबलेली. मार्टिटा हंटची मिस हॅविशम किंचाळत नाही की डोळे फिरवत नाही. ती दमलेली आहे, आणि त्या दमण्यातच सगळी भीती आहे. मग पत्ते मांडले जातात. पिप पत्त्यांतल्या गुलामाला गावाकडच्या नावाने हाक मारतो, आणि एस्टेला हसते. हा गुलामाला काय म्हणतो बघा, याचे हात किती रखरखीत, बूट किती जाडजूड!

या वेळी मला पहिल्यांदा जाणवलं की सिनेमाचा खिळा इथे ठोकलेला आहे. तोवर पिपला आपले हात कसे आहेत हे माहीतच नव्हतं. हात होते, भात्यावर चालत होते. त्या दुपारनंतर त्याला स्वतःचे हात दिसायला लागतात, आणि पुढे सगळी लाज या हातांवरूनच सरकत जाते. आधी स्वतःच्या हातांची, मग जोच्या हातांची, आणि शेवटी वादळी रात्री लंडनच्या खोलीत उभा राहून दोन्ही हात पुढे करणाऱ्या त्या माणसाच्या हातांची.

आता तो प्रसंग. जो लंडनला येतो. अंगात ठेवणीतले कपडे, ते त्याच्याच अंगाला टोचतायत. हातातल्या टोपीचं काय करावं हे कळत नाही. ती ठेवतो, ती पडते, तो उचलतो, पुन्हा ठेवतो. जो झालेल्या बर्नार्ड माइल्सने यात हसण्याजोगं एवढंही केलेलं नाही. त्या टोपीकडे बघताना मला हसू आलं नाही, पोटात कालवलं. पिप वाईट वागतो का? नाही. तो अगदी रीतसर वागतो. खुर्ची देतो, चहा देतो. आणि सगळा वेळ त्याला वाटत असतं की कुणी आत येऊ नये. जो हे सगळं ओळखतो. राग धरत नाही, निरोप सांगतो आणि उठतो. आपली जागा भट्टीपाशी, तिथे आपण असे दिसत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून निघून जातो.

कैद्याची भीती मला आता वाटत नाही. तो प्रसंग कितीदाही पाहिला तरी दचकते, पण ते तेवढ्यापुरतं. जो जिना उतरून गेल्यावर पिप उभा राहतो, ते मला अजून पुरतंय.

तुम्ही पाहिला असेल तर लिहा. आणि शेवट पटला का तेही सांगा. मला पूर्ण पटलेला नाही.

रानपाखरू :

काय लिहिलंय! मी हा सिनेमा कॉलेजच्या फिल्म सोसायटीत पाहिला होता. सुरुवातीला पिप कैद्यावर आदळतो ती धडक झाली तेव्हा हॉलमधली शंभर-सव्वाशे पोरं एकदम ओरडली होती. जोचा प्रसंग मला आठवतच नव्हता, हे तुमचं वाचून कळलं. आज रात्री पुन्हा बघणार.

मोव्हिओला :

सांजवात, तुमचा मुद्दा जोचा आहे हे कळतंय, तरी त्या धडकेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी पंचवीस वर्षं संकलनाच्या टेबलावर आहे आणि नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात त्यांना हा तुकडा दाखवतो.

सुरुवातीला पुस्तकाची पानं उडतात. मग खाडीचा लांबच लांब काठ, दोन उभे फाशीचे खांब, आणि त्यांच्यापुढे मुंगीएवढं धावणारं पोर. आकाशाने पडद्याचा बहुतेक भाग व्यापलेला. मग ते आईवडिलांच्या थडग्याशी येतं. इथून लीन घाई करत नाही. वारा. झाडाची कुरकुर. पोर मान वर करतं, आपल्याला वठलेलं झाड दिसतं, फांद्या हातांसारख्या. ते पुन्हा खाली बघतं. पुन्हा कुरकुर. म्हणजे भीती कुठून येणार हे आपल्याला सांगून झालंय : वरून, मागून, झाडातून. मग पोर उठतं आणि पळतं. कॅमेरा त्याच्याबरोबर सरकतो, आपली नजर पोरावर. आणि सरकता सरकता पोर थेट एका धिप्पाड माणसावर आदळतं. त्याचं येणं आपल्याला दाखवलेलंच नाही. तो तिथे आहेच. आपण तो चेहरा धड बघतो न बघतो तोच कापलं जातं आणि किंकाळी येते.

मी मुलांना सांगतो, त्या चेहऱ्याची लांबी मोजा. अर्धा सेकंद वाढवा, मग बघा. भीती गेली. आपल्याला माणूस दिसतो, आपण त्याचे कपडे बघतो, ‘अच्छा, कैदी’ म्हणतो. लीन दिग्दर्शक होण्याआधी वर्षानुवर्षं संकलक होता, आणि ते इथे दिसतं.

आणि त्या दफनभूमीमागचं चर्च बघा. ते खऱ्या मापाचं नाही. कलादिग्दर्शक जॉन ब्रायनने ते मुद्दाम लहान बांधलं, म्हणजे ते दूर वाटतं आणि आकाश मोठं होतं. पुढे मिस हॅविशमच्या घरातही खोल्या, दारं, जिने मुलाच्या उंचीवरून जेवढे अजस्र दिसतील तेवढे दिसतात. आपण लहानपणीची शाळा मोठेपणी बघायला गेलो की फळा केवढासा वाटतो, तसं. लीन आणि ब्रायनने आपल्याला मोठेपणीची शाळा दाखवलेलीच नाही. १९४८ च्या समारंभात या चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाली, एक कलादिग्दर्शनाचं आणि एक गाय ग्रीनला कृष्णधवल छायाचित्रणाचं. दोन्ही अगदी योग्य ठिकाणी गेली.

नीलमोहोर :

धागा आवडला, पण एक मतभेद नोंदवते. पहिला पाऊण तास जितका जिवंत, तितका पुढचा भाग नाही. मोठा पिप झालेला जॉन मिल्स तेव्हा अडतीस वर्षांचा होता. लंडनला पोहोचलेला पिप विशीच्या आतबाहेरचा हवा. चेहऱ्यावर अनुभव आहे, आणि त्या वयाच्या पिपच्या चेहऱ्यावर नेमका तोच नसायला हवा. जीन सिमन्सची एस्टेला बघितल्यावर मोठी एस्टेला झालेली व्हॅलरी हॉब्सन मला कोरडी वाटली. मधेच कुणीतरी दिवा बदलला असं होतं.

अ‍ॅलेक गिनेसचा हर्बर्ट मात्र फार गोड. पिपचं जेवणाच्या टेबलावरचं वागणं तो बोलता बोलता, त्याला जराही न दुखावता सुधारत जातो. सुरी तोंडात घालू नये, हे एवढ्या मायेने कुणी कुणाला सांगितलेलं मी पाहिलेलं नाही. त्याचा हा पहिलाच सिनेमा ना?

सांजवात :

नीलमोहोर, वयाचं बरोबर आहे, मलाही खटकलं होतं. पण जोच्या प्रसंगात मिल्सचं ते वय उपयोगी पडतं असं मला वाटतं. तिथे पिपचा आवाज मागून बोलतोय, मोठा झालेला, स्वतःला माफ न केलेला. ‘जंटलमन व्हायला गेलो आणि नुसता शिष्ट झालो’ अशा अर्थाचं तो म्हणतो. विशीतल्या पोराच्या तोंडी ते वाक्य पाठांतर वाटलं असतं.

गिनेसचं थोडं वेगळं आहे. त्याआधी तो एका चित्रपटात गर्दीत उभा राहिला होता, खरी भूमिका ही पहिली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की १९३९ मध्ये त्यानेच या कादंबरीचं नाटक केलं होतं. त्यात हर्बर्ट तो आणि मिस हॅविशम मार्टिटा हंटच. ते लीनने पाहिलं, आणि सात वर्षांनी दोघांनाही त्याच भूमिकांसाठी घेतलं. म्हणजे मिस हॅविशमचं ते दमलेपण कॅमेऱ्यापुढे आलं तेव्हा आधीच बरंच मुरलेलं होतं.

पाटीवरची धूळ :

इंग्रजी शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यातली कितीतरी वर्षं ही कादंबरी शिकवली. शेवटाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

या कथेला एकूण तीन शेवट आहेत. डिकन्सने आधी लिहिला तो असा : बऱ्याच वर्षांनी लंडनच्या रस्त्यावर पिप आणि एस्टेला ओझरते भेटतात. तिचा पहिला नवरा वारलेला, तिने एका डॉक्टरशी दुसरं लग्न केलेलं. चार शब्द होतात आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. डिकन्सचा मित्र, कादंबरीकार बुल्वर-लिटन, याने तो वाचून बदलायला सांगितला. मग छापला गेला तो दुसरा : घर पाडलेलं आहे, मोकळ्या बागेत धुकं उठतंय, दोघं भेटतात आणि हात धरून बाहेर पडतात. तिथेही पुढे काय झालं हे डिकन्स ठामपणे सांगत नाही.

तिसरा लीनचा. यात घर उभंच आहे. एस्टेलाचं लग्न मोडलंय आणि ती मिस हॅविशमच्याच खुर्चीत, तशाच बंद खोलीत, तशीच बसली आहे. पिप येतो आणि खिडक्यांवरचे पडदे ओढून, फाडून खाली पाडतो. उजेडाचा लोंढा आत येतो. जाळी, धूळ, सगळं एका क्षणात नुसतं जुनं सामान होऊन जातं.

मी अनेक वर्षं वर्गात म्हणत आलो की हा शेवट कादंबरीशी बेइमान आहे. पुस्तकातला पिप एस्टेलाला वाचवत नाही, तिला जे शिकवायचं ते दुःखाने शिकवलेलं असतं. पण अलीकडे माझं मत मऊ झालंय. एस्टेला त्या खुर्चीत बसलेली दिसते तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे १९८९ च्या दूरचित्रवाणी मालिकेत मिस हॅविशमची भूमिका कुणी केली माहीत आहे? जीन सिमन्सने. तीच मेणबत्ती घेऊन चालणारी पोर. लीनने या शेवटात जे भय दाखवलं ते त्या नटीच्या बाबतीत भूमिकेपुरतं खरंच झालं.

गिरगावकर आजोबा :

मी या धाग्यावर वाचनमात्र होतो, पण पडद्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

हा चित्रपट लंडनमध्ये १९४६ च्या डिसेंबरात लागला. ज्या लोकांनी तो पाहिला त्यांनी १९३९ पासून युद्ध संपत येईपर्यंत रोज संध्याकाळी खिडक्यांना काळे पडदे लावले होते. बाहेर तिरीप गेली तर पहारेकरी ओरडायचा. युद्ध संपलं तरी खाणंपिणं मोजूनच होतं. त्याच वर्षी जुलैत तर पावावरही रेशन आलं. अशा माणसांनी थिएटरात बसून एका माणसाला जाडजूड पडदे टराटरा फाडताना आणि दिवसाचा उजेड आत घेताना पाहिलं. त्यांना तो शेवट कादंबरीशी प्रामाणिक आहे की नाही असा प्रश्न पडला असेल असं मला वाटत नाही.

१९७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता. आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद खळीने चिकटवले होते. दोन आठवडेच काय ते, पण युद्ध थांबल्यावर माझ्या आईने सकाळी उठून ते कागद आधी नखांनी आणि मग उलथन्याने खरवडून काढले. खळ काचेवर राहिली, तिचे डाग उन्हाळ्यापर्यंत होते. ती सकाळ आणि तो पडदे फाडणारा पिप माझ्या मनात एकत्रच आहेत.

सांजवात :

आजोबा, हे मला सुचलंच नव्हतं. शेवट पटला नाही असं मी वर लिहिलंय, ते आता तसंच्या तसं म्हणवत नाही. पुन्हा बघते.

मेडवेकाठची :

मी सध्या केंटमध्ये राहते, मेडवे नदीच्या बाजूला. डिकन्सचं बालपण इथल्याच चॅटममध्ये गेलं आणि १८७० मध्ये तो वारला तोही रॉचेस्टरजवळच्या गॅड्स हिलच्या घरात. कादंबरीतल्या मिस हॅविशमच्या घराचं मूळ मानतात ते रेस्टोरेशन हाउस रॉचेस्टरमध्ये आहे. लाल विटांचं, प्रसन्न दिसतं, सिनेमातल्या घरासारखं मुळीच नाही.

पण सांगायचंय ते दफनभूमीबद्दल. इथून जवळ कूलिंग नावाचं गाव आहे. पिपच्या आईवडिलांची थडगी डिकन्सला तिथे सुचली असं मानतात. मी नोव्हेंबरात गेले होते, ड्यूटी संपवून, दुपारी तीनला. इथे त्या दिवसांत चारला अंधारतं. चर्चच्या बाहेर गवतात लहान लहान दगडी थडगी ओळीने आहेत, लांबट गोल, उशीएवढी. तान्ही वारलेली मुलं. कादंबरीत पिपच्या भावांची पाच आहेत. इथे प्रत्यक्षात तेरा. डिकन्सने ती कमी केली असावीत, कारण तेरा लिहिली तर कुणाचा विश्वास बसला नसता. मी नवजात बालकांच्या विभागात काम करते. त्या ओळीपाशी मी किती वेळ उभी होते ते माझं मला कळलं नाही.

चर्चमध्ये आता नेहमीची प्रार्थना होत नाही, वास्तू जपून ठेवली आहे. आत एक छोटी खोली आहे, तिच्या भिंती वरपासून खालपर्यंत शिंपल्यांनी मढवल्यात. आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, हजारो. माझी आजी रत्नागिरीची, ती तिसऱ्यांच्या शिंपल्या तुळशीवृंदावनाभोवती लावायची. हात लावला तर तसाच खरखरीत थंडावा.

आणि दलदल अजून तशीच आहे. सपाट, चिखलाची, मधूनमधून पाण्याचे चर, मेंढ्या. आता विजेचे मनोरे उभे आहेत, पण धुकं उतरलं की तेही जातात. वारा मात्र सिनेमात आहे तेवढाच आहे.

रानपाखरू :

ताई, अंगावर शहारा आला.

काल रात्री पाहिला. एक शंका. तो कैदी जहाजातून पळून येतो म्हणजे काय? त्याला परदेशी नेत होते का?

पाटीवरची धूळ :

नाही, ते जहाज कुठेच जाणारं नव्हतं. लढाईतून निवृत्त झालेल्या जुन्या जहाजांचे डोलकाठ्या-शिडं काढलेले सांगाडे थेम्स आणि मेडवेमध्ये नांगरून त्यांचे तुरुंग केलेले असत. १७७६ पासून ही पद्धत सुरू झाली, कारण तोवर कैदी अमेरिकेत पाठवत आणि तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. तात्पुरती म्हणून काढलेली युक्ती ऐंशी वर्षं टिकली. या जहाजांतून कैदी पुढे ऑस्ट्रेलियात रवाना होत. जन्मठेपेवर गेलेला परत आला तर फाशी. तो कैदी, मॅगविच, त्या वादळी रात्री पिपच्या दारात उभा राहतो तो हे माहीत असूनच.

आपल्याकडे याला शब्द शोधावा लागत नाही. काळं पाणी. अंदमानची वसाहत १८५८ ची, म्हणजे ही कादंबरी छापली जात होती तेव्हा दोन-तीन वर्षांची. मी वर्गात ‘ट्रान्स्पोर्टेशन’चा अर्थ इंग्रजीत सांगत बसायचो तेव्हा मुलांचे चेहरे कोरे असायचे, काळं पाणी म्हटलं की सगळी मान वर करायची.

मोव्हिओला :

मॅगविच झालेला फिनले करी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता, हे मला कायम नवल वाटतं. सुरुवातीला त्याच्या अंगातलं ते जनावर, आणि शेवटी तुरुंगातल्या खाटेवरचा तोच माणूस. पिप त्याला सांगतो की तुझी मुलगी जिवंत आहे. तिथे कॅमेरा काहीच करत नाही. काही करू नये हे कळायला माणसाला बरीच वर्षं लागतात.

अजून एक, वकील जॅगर्स झालेला फ्रान्सिस सुलिव्हन. १९३४ च्या अमेरिकन चित्रपटातही जॅगर्स तोच होता.

कृष्णाकाठ :

मी इथे सहसा लिहीत नाही. धागा परवा वाचला, सिनेमा काल पाहिला. कादंबरी वाचलेली नाही.

माझे वडील लोहार. सातारा जिल्ह्यात आमचं गाव. भट्टी घराला लागूनच, भाता मी आठव्या वर्षापासून ओढलाय. वडील कोयते करायचे ते ट्रकच्या कमानपाट्याचे. त्या पोलादाला धार टिकते. कोयता लाल करून, ठोकून, मग पाणी देताना ते सांडशी धरून पाण्यात किती बोटं बुडवायचं ते नजरेने ठरवायचे. जास्त बुडला तर पातं ठिसूळ, कमी बुडला तर मऊ. तेव्हा कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

१९८८ साली मी पुण्यात इंजिनीअरिंगला होतो, हॉस्टेलवर. वडील भंगार बाजारात कमानपाटे घ्यायला पुण्यात आले आणि न कळवता मला भेटायला आले. पाट्यांचं पोतं त्यांनी खोलीबाहेरच ठेवलं, फरशीला ओरखडे पडतील म्हणून. आत आले. खोलीत माझे दोन मित्र होते. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली. खुंट्यांवर आमचे शर्ट होते, टेबलावर पुस्तकं, कॉटवर पांढरी चादर. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग पुन्हा डोक्यावर घातली. मग पुन्हा काढली. आणि मला म्हणाले, ‘जेवण झालं का तुमचं?’

तुमचं. मला. जन्मात पहिल्यांदा.

ते गेल्यावर मित्राने विचारलं कोण होते, आणि मी म्हणालो, ‘गावाकडचे आहेत.’ हे खोटं नव्हतं. पण ते मी आज छत्तीस-सदतीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. काल त्या टोपीपाशी मी सिनेमा थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नंतर पुढे पाहिला.

वडील २००४ साली गेले. भट्टी नाही आता. ऐरण आहे, चुलतभावाच्या अंगणात.

सांजवात :

कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंत त्यावर काही लिहावं असं मला सुचत नाही. वाचलं. दोनदा वाचलं.

पाटीवरची धूळ :

कृष्णाकाठ, कादंबरी वाचली नाही म्हणालात म्हणून एक सांगतो. जो त्या भेटीत पिपला मधेच ‘सर’ म्हणायला लागतो. एका वाक्यात जुनी सलगी, पुढच्या वाक्यात ‘सर’. पिपला ते सहन होत नाही. पुढे पिप कर्जात बुडतो, तापाने फणफणतो, तेव्हा जोच येऊन त्याची शुश्रूषा करतो. पिप अशक्त आहे तोवर सगळं पूर्वीसारखं. आणि पिपच्या अंगात जसजशी ताकद येते तसतसा जो पुन्हा ‘सर’वर येतो. एका सकाळी पिप उठतो तर जो निघून गेलेला. मागे चिठ्ठी, आणि पिपचं कर्ज फेडल्याची पावती.

‘सर’चा मराठीत अर्थ सांगताना मी नेहमी ‘साहेब’ म्हणत आलो. तुमच्या वडिलांचं ‘तुमचं’ हा त्याचा खरा अनुवाद आहे. शिकवत असताना हे मला कुणी सांगायला हवं होतं.

नीलमोहोर :

सर, हे वाचून कादंबरी पुन्हा काढली कपाटातून.

कृष्णाकाठ :

सर, धन्यवाद. मराठीत कुठे मिळाली तर वाचेन, नाहीतर मुलगी वाचून दाखवते म्हणालीय.

आज सकाळी आईला फोन केला. आई गावाकडेच असते, शहाऐंशी वर्षांची आहे, कान शाबूत आहेत. विचारलं, अण्णा मला भेटायला हॉस्टेलवर आले होते, ते घरी आल्यावर काय म्हणाले होते? आई म्हणाली, कधी? ते पाटे आणायला गेले होते तेव्हा का? तेव्हा तू भेटला कुठे होतास? अण्णा म्हणाले, पोराची परीक्षा होती, दारावरूनच माघारी आलो.

मी हो म्हणालो. मग तिने पावसाचं विचारलं.